प्रतिपक्षाचा प्रशिक्षक

स्तुतीच्या मिषाने निंदा किंवा निंदेच्या मिषाने स्तुती, म्हणजे व्याजस्तुती, हा अलंकार आम्ही गेली अठराएक वर्षे वर्गात शिकवीत आहोत. मम्मटाचा हवाला द्यावा, फळ्यावर दोन उदाहरणे लिहावीत, आणि परीक्षेत हमखास विचारतात म्हणून मुलांना खाली रेघ मारायला सांगावी, असा आमचा शिरस्ता. या अलंकाराचे जिवंत, धडधडीत, नऊ-दहा माणसांनी एका दिवाणखान्यात बसून मिळून रचलेले उदाहरण मात्र आम्हांला भेटले ते अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कोलंबस शहरी, आणि तेही फुटबॉलच्या निमित्ताने.

प्रथम हे ‘आम्ही’ कोण ते सांगितले पाहिजे. आम्ही दोघे पतिपत्नी. तालुक्याच्या एका गावी एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकीचा धाकटा भाऊ (अर्थातच दुसऱ्याचा मेहुणा) ओहायो स्टेट विद्यापीठात एम.एस. करायला गेला आणि तेथेच नोकरीला लागून स्थिरावला. २०१९ च्या नोव्हेंबरात दिवाळीच्या सुट्टीला रजा जोडून आम्ही त्याच्याकडे महिनाभर राहिलो. प्राचार्यांनी ती रजा कपाळाला आठ्या घालून मंजूर केली होती. महाराष्ट्रात तेव्हा मुख्यमंत्री कोण याचा निकाल लागत नव्हता. २३ तारखेचा पहाटेचा शपथविधी आणि २८ तारखेचा संध्याकाळचा शपथविधी, दोन्ही आम्ही कोलंबसहून पाहिले. खुर्चीवर कोणी राहावे आणि कोणी उठावे या चर्चेला कान सरावले होते. शनिवारी, ३० तारखेला, त्याच चर्चेची एक निराळी आवृत्ती ऐकायला मिळेल अशी कल्पना मात्र नव्हती.

त्या दिवशी ओहायो स्टेट आणि मिशिगन या दोन विद्यापीठांचा सामना होता. तिकडचा फुटबॉल म्हणजे चेंडू बहुतेक वेळ हातात धरून पळण्याचा खेळ. त्याचे नियम आम्हांला महिनाभरात कळले नाहीत आणि पुढेही कळतील असे वाटत नाही. पण सामन्याभोवतीची माणसे कळली. १८९७ पासून हे वैर चालत आले आहे. कोलंबस आणि अ‍ॅन आर्बर या दोन गावांत सुमारे तीनशे किलोमीटरांचे अंतर, आणि दोन्हीकडे लाखाहून अधिक माणसे बसतील अशी क्रीडांगणे. हा सामना नोव्हेंबरच्या अखेरच्या शनिवारी होतो आणि वर्षभर बाकी सारे जिंकून हा हरलेला संघ आपल्या गावी हरलेलाच समजला जातो.

ओहायोचे लोक मिशिगनचे नाव उच्चारीत नाहीत. ‘वरच्या अंगाचा तो संघ’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग करतात. तो वुडी हेज या त्यांच्या जुन्या प्रशिक्षकापासून रूढ झाला म्हणतात. सामन्याच्या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवरील प्रत्येक ‘एम’ या अक्षरावर लाल फितीची फुली मारतात. आम्ही दोघे त्या फुल्या पाहत हिंडत होतो तेव्हा आमच्यापैकी एकीला आजीची आठवण झाली. आजीने आयुष्यात कधी आजोबांचे नाव घेतले नाही. ‘तिकडून येणं झालं का’ एवढेच विचारायची. उच्चार टाळण्याइतके एखाद्या नावाने मन व्यापून टाकावे, मग ते आदराने असो की वैराने, ही गोष्ट एकच असावी. असो.

मेहुण्याच्या घरी सामना पाहायला आलेल्या मंडळींत त्याच्या कचेरीतले चारजण, दोन मराठी कुटुंबे आणि शेजारचे एक वृद्ध गृहस्थ होते. हे गृहस्थ शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. सामना दुपारी बारा वाजता सुरू व्हायचा होता, पण चर्चा सकाळी दहापासूनच रंगली. आणि तिचा विषय आपला संघ नव्हता, आपला प्रशिक्षकही नव्हता. विषय होता मिशिगनचा प्रशिक्षक जिम हारबॉ, त्याची कामगिरी आणि त्याचे भवितव्य.

हारबॉ हा मिशिगनचाच जुना खेळाडू. १९८६ साली, विद्यार्थी असताना, ओहायोला आम्ही हरवणारच अशी त्याने सामन्याआधी जाहीर ग्वाही दिली होती आणि कोलंबसला येऊन ती २६-२४ अशी खरी केली होती. २०१४ च्या डिसेंबरात मिशिगनने त्याला प्रशिक्षक म्हणून आणले तेव्हा घरचा मुलगा परत आला असे तिकडे वाटले. त्यानंतर पहिल्या चार हंगामांपैकी तीनांत त्याने दहा-दहा सामने जिंकले. इतर कोणत्याही विद्यापीठाने अशा माणसाचा सत्कार केला असता. पण ओहायोविरुद्ध चारही वेळा हार. २०१५ मध्ये ४२-१३. २०१६ मध्ये वाढीव वेळेच्या दुसऱ्या फेरीत ३०-२७, आणि तीही एका इंचभराच्या मोजणीवरून, जिच्याविषयी दोन्ही राज्यांत अजून वाद घातला जातो. २०१७ मध्ये ३१-२०. २०१८ मध्ये मिशिगनचे पारडे जड मानले जात असताना, बचाव अभेद्य म्हणून वाखाणला जात असताना, ६२-३९. आता त्याचा करार २०२१ च्या हंगामापर्यंत होता आणि तो वाढवावा की माणूस बदलावा, हा मिशिगनपुढचा प्रश्न. तो सोडवायला ओहायोचे लोक बसले होते.

आम्हांला प्रथम वाटले, ही मंडळी त्याला काढा म्हणत असतील. शत्रूच्या सेनापतीची नाचक्की व्हावी असे कोणाला वाटणार नाही? पण दिवाणखान्यात एकमताने उलटाच ठराव होत होता. मेहुण्याच्या कचेरीतल्या एका तरुणाने आकडे सांगून सिद्ध केले की हारबॉ हा उत्तम प्रशिक्षक आहे. दुसऱ्याने सांगितले की माणसाला वेळ द्यायला हवा, चार वर्षे म्हणजे काहीच नाही. तिसऱ्याचे म्हणणे असे की निष्ठा नावाची काही गोष्ट असते. आपल्याच मातीतल्या माणसाला एवढ्यातेवढ्यावरून घालवणे मिशिगनसारख्या थोर संस्थेला शोभणार नाही. एक बाई म्हणाल्या की त्याला आजन्म करार द्यावा, आणि मग सारे खो खो हसले.

‘‘ताई, हे खरंच त्याचं कौतुक करतायत असं समजू नकोस,’’ मेहुणा म्हणाला. ‘‘तो आहे तोवर आपण जिंकत राहू, म्हणून चाललंय हे.’’

‘‘ते कळलं रे,’’ ताई म्हणाली. ‘‘आम्ही हेच शिकवतो.’’

विपरीत लक्षणा शिकवताना आम्ही सांगतो की वाच्यार्थ बाधित झाला की मनुष्य उलट अर्थाकडे वळतो. येथे बाधा कशाने झाली होती? बोललेल्या शब्दांत काहीच वावगे नव्हते. आकडे खरे, मुद्दे बिनतोड, सूर समंजस. बोलणारा कोणत्या गावचा आहे एवढ्यावरून त्या साऱ्याचा अर्थ फिरत होता. हीच वाक्ये अ‍ॅन आर्बरमध्ये कोणी म्हटली असती तर तो बचाव ठरला असता. आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात आली: हारबॉच्या प्रत्येक डावपेचाची, प्रत्येक चुकीच्या निवडीची बारीक माहिती या मंडळींना होती. मित्रपक्षाचा वाचक इतके बारकाईने वाचीत नाही. आमच्याकडे एखाद्या कवीचे संग्रह त्याच्या चाहत्यांपेक्षा त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनीच अधिक काळजीपूर्वक वाचलेले असतात, हे आम्ही पाहिले आहे.

शेजारचे वृद्ध गृहस्थ तोवर गप्प होते. ते म्हणाले, तुम्ही हसता, पण मी याच खेळात उलट बाजूला बसलेलो आहे. मग त्यांनी जॉन कूपरची गोष्ट सांगितली. कूपर १९८८ पासून २००० पर्यंत ओहायोचा प्रशिक्षक होता. एकूण १११ विजय. पण मिशिगनविरुद्धच्या तेरा सामन्यांत जय दोन, बरोबरी एक, हार दहा. १९९३, १९९५ आणि १९९६ या तीन वर्षी त्याचा संघ अपराजित राहून या सामन्यापर्यंत पोचला आणि तिन्ही वेळा येथेच पडला. त्या दिवसांत मिशिगनकडचे त्यांचे एक नातलग दर नाताळाला फोन करून म्हणत, कूपर भला माणूस आहे, त्याला जपा. २००१ च्या जानेवारीत ओहायोने कूपरला घालवले आणि जिम ट्रेसलला आणले. ट्रेसलने आल्या आल्या, बास्केटबॉलच्या एका सामन्याच्या मध्यंतरात, अ‍ॅन आर्बरच्या सामन्याला किती दिवस उरले आहेत तो आकडा जमावाला सांगितला. त्यानंतरच्या दहा वर्षांत मिशिगनला एकदाच जिंकता आले (२०१० चा विजय पुढे नियमभंगामुळे नोंदीतून पुसला गेला, ती गोष्ट वेगळी).

‘‘नातलगाचा फोन बंद झाला,’’ एवढे बोलून ते थांबले.

म्हणजे यांचे प्रेम हारबॉवर नव्हते आणि तसे पाहिले तर द्वेषही त्याचा नव्हता. भीती होती ती त्याच्यानंतर येणाऱ्या, अजून नाव नसलेल्या माणसाची. माहीत असलेला दुबळेपणा टिकून राहावा, एवढीच इच्छा.

मेहुण्याने आम्हांला त्या पदाचे अर्थकारणही समजावून दिले. तिकडे अनेक राज्यांत सरकारी वेतन घेणाऱ्यांमध्ये सर्वांत मोठा पगार राज्यपालाचा नसतो, विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकाचा असतो. आणि करार मोडून घालवायचे तर उरलेल्या वर्षांचे पैसे मोजावे लागतात; पुढे २०२३ मध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने आपल्या प्रशिक्षकाला घालवले तेव्हा हा आकडा साडेसात कोटी डॉलरांच्या वर गेला. आम्ही दोघांनी मनातल्या मनात हिशेब करून तो सोडून दिला. आमच्याकडे त्या वर्षी मराठी विभागाला संदर्भग्रंथांसाठी मिळालेली रक्कम सांगण्याजोगी नव्हती.

सामना ओहायोने ५६-२७ असा जिंकला. दिवाणखान्यात हारबॉच्या दीर्घायुष्यासाठी पेले उंचावले गेले.

पुढची हकीकत मेहुण्याच्या फोनांतून कळत गेली. २०२० मध्ये मिशिगनने सहा सामने खेळून दोन जिंकले. ओहायोविरुद्धचा सामना कोविडमुळे झालाच नाही. आता हारबॉ जाणार असे सारे म्हणत असताना २०२१ च्या जानेवारीत त्याचा करार वाढवण्यात आला, वेतन जवळजवळ निम्म्यावर आणून. मेहुणा आनंदाने म्हणाला, ‘‘दाजी, ऐकलं त्यांनी आपलं!’’ आणि त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला भुरभुरत्या बर्फात मिशिगनने ओहायोला ४२-२७ असे हरवले. २०२२ मध्ये कोलंबसला येऊन ४५-२३. २०२३ मध्ये ३०-२४. त्या दिवशी हारबॉ स्वतः निलंबित होता, कारण प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरट्या टेहळणीने टिपल्याचे प्रकरण बाहेर आले होते, आणि ओहायोत आजही त्या विजयांचा उल्लेख त्या चोरीसह केला जातो. त्यात तथ्य किती आणि जखमेवरची फुंकर किती, हे ठरवण्याचा आमचा अधिकार नाही. जानेवारी २०२४ मध्ये मिशिगन राष्ट्रीय विजेते झाले आणि त्याच महिन्यात हारबॉ राजीखुशीने व्यावसायिक संघाकडे निघून गेला.

तेव्हा त्या शनिवारी दिवाणखान्यात जे जे बोलले गेले होते ते ते अक्षरशः खरे ठरले होते. उत्तम प्रशिक्षक आहे: होता. वेळ द्यायला हवा: दिला, आणि फळला. आपल्या मातीतल्या माणसाला घालवू नये: नाही घालवले. व्यंजना खोटी पडली आणि अभिधा खरी ठरली! अलंकारशास्त्राच्या पुस्तकांत या अवस्थेला नाव आहे काय, आम्हांला सापडले नाही. कुचेष्टेने बोललेले वाक्य बोलणाऱ्याला न विचारता खरे होते, तेव्हा तो काय बोलला म्हणावे?

मग पाळी उलटली. २०२४ च्या नोव्हेंबरात ओहायोचा प्रशिक्षक रायन डे मिशिगनच्या अगदी साधारण संघाकडून कोलंबसमध्येच १३-१० असा हरला. मिशिगनविरुद्ध एक जय आणि सलग चार पराजय. मेहुण्याच्या कचेरीतला मिशिगनचा एक सहकारी दुसऱ्या दिवशी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, डे सज्जन आहे, त्याला राहू द्या. मेहुणा स्वतः डेला घालवा म्हणत होता. पुढच्या दोन महिन्यांत डेने ओळीने चार बाद फेरीचे सामने जिंकून २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रीय विजेतेपद आणले, आणि त्या नोव्हेंबरात अ‍ॅन आर्बरला जाऊन २७-९ असा विजयही मिळवला. मेहुण्याला आम्ही त्याच्या जुन्या मताची आठवण करून दिली नाही. कारण अशा मतांच्या बाबतीत आमचेही हात स्वच्छ नाहीत.

ते येथे सांगितलेच पाहिजे. आमच्या गावात दुसरे एक महाविद्यालय आहे, विनाअनुदानित. तेथेही मराठी विशेष होते. दोन्हीकडे मुले तीच; आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची, बसच्या पासाच्या हिशेबाने महाविद्यालय निवडणारी. मुले घटली की तास घटतात आणि तास घटले की कार्यभार अपुरा ठरून पद जाते, हे आमच्या पेशातल्या कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही. त्या महाविद्यालयात मराठीचे एक वयस्क सर होते. शाळेतून निवृत्त होऊन तेथे आलेले. नेमणूक दर वर्षी नव्याने, म्हणजे दर जून महिन्यात भवितव्य टांगणीला. वर्गात वहीवरून टिपणे उतरवून देतात अशी त्यांची ख्याती होती. ख्याती आम्हीच ऐकली आणि आम्हीच पुढे सांगितली. त्यांना शिकवताना आम्ही कधी पाहिले नव्हते.

२०१७ च्या उन्हाळ्यात त्या संस्थेच्या कार्यकारिणीतले एक परिचित घरी आले आणि मोकळेपणाने म्हणाले, नेट झालेला एक तरुण आहे, भाषणे चांगली करतो, मुलांना नाटकात घेतो. सरांच्या जागी त्याला घ्यावे काय? तो तरुण आम्हांला ठाऊक होता. तो आला असता तर दोन वर्षांत निम्मी मुले पलीकडे गेली असती. आम्ही एकमेकांकडे पाहिलेसुद्धा नाही. आम्ही सांगितले की सर अनुभवी आहेत, व्यासंगी आहेत, अशा माणसाला या वयात दुखवू नये, आणि उत्साह म्हणजे अध्यापन नव्हे. वाक्ये छान जमली होती. परिचित प्रभावित होऊन गेले. सर राहिले. तो तरुण पुढे स्पर्धा परीक्षांच्या एका शिकवणीवर्गात व्याकरण शिकवू लागला आणि अजून तेच करतो. पलीकडचे मराठी विशेष २०२१ मध्ये मुलांअभावी बंद झाले. आमचे पद वाचले.

कोलंबसच्या त्या दिवाणखान्यात सारे हसत होते तेव्हा आम्हां दोघांचे हसू एकाच क्षणी थांबले होते. रात्री त्यावर आम्ही बोललो नाही. परतीच्या विमानातही नाही.

२०२३ मध्ये एम.ए.ला आमच्याकडे एक विद्यार्थिनी आली. तिचे बी.ए. पलीकडचे, शेवटच्या तुकडीतले. ‘लीळाचरित्रा’वरच्या तिच्या निबंधात आम्ही कधी न विचारलेले प्रश्न होते: ही लीळा सांगणारा कोठे उभा आहे, त्याने हे ऐकले की पाहिले, आणि जे त्याने गाळले ते कोणासाठी? कोठून घेतलेस, विचारले. तिने एक जुनी वही आणून दाखवली. त्या वहीत टिपणे नव्हतीच. पानापानावर एकेक प्रश्न आणि खाली तिच्या हस्ताक्षरातली खोडाखोड. ‘‘सर उतरवून देत नसत,’’ ती म्हणाली, ‘‘उतरवून घेत असत. आम्ही बोलायचो आणि सर त्यांच्या वहीत लिहायचे.’’

व्यासंगी आहेत, असे आम्ही म्हटले होते.

२०२५ च्या मे महिन्यात आम्ही दोघे सरांच्या घरी गेलो. वही परत द्यायची हे निमित्त. ती विद्यार्थिनी पुण्याला गेली होती. सर ओसरीवर बसले होते. आता दिसते कमी. बाईंनी चहा आणि बेसनाचे लाडू आणले. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर सर म्हणाले, ‘‘मागं माझ्यासाठी तुम्ही शब्द टाकला होतात म्हणे. कार्यकारिणीतल्या त्यांनी सांगितलं मला. बोलायचं राहूनच गेलं होतं.’’

आम्ही चहा घेतला. काही तरी बोलायला हवे म्हणून आम्ही त्यांना अमेरिकेची गोष्ट सांगू लागलो. फुल्या मारलेली अक्षरे, कूपर, ट्रेसल, हारबॉ, आजन्म करार. सर मन लावून ऐकत होते. उखाण्याच्या जागी हसले. गोष्ट संपल्यावर त्यांनी विचारले, ‘‘पण त्या प्रशिक्षकाला ठाऊक होतं का हो, पलीकडचे लोक आपल्याला ठेवा म्हणतायत ते कशासाठी?’’

‘‘असणारच, सर.’’

‘‘असणारच,’’ सर म्हणाले, आणि लाडवांची ताटली आमच्याकडे सरकवली.